भात येईपर्यंतचा प्रवेश

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका साखरपुड्यासाठी आणलेली वांगी निवडत होते. वांगं किडकं आहे की नाही हे पाहताना माणसाचा चेहरा आपोआप संशयी होतो आणि आवाजही तसाच निघतो. संपादक जरा बिचकलेच. म्हणाले, "पंचफुलाताई, नव्या उद्योजकांनी रंगभूमीच्या कलावंतांकडून कोणती शिस्त शिकावी, यावर आमच्या दिवाळी अंकाला लेख द्या. सात-आठ मुद्दे काढा." मी म्हटलं, मुद्दे काढता आले असते तर मी शिकवणीचे वर्ग काढले असते, केटरिंग कशाला केलं असतं? ते हसले आणि म्हणाले, बरं, मग तुम्हाला जमेल तसं लिहा. त्यांना वाटलं मी नम्रता दाखवते आहे. मला खरंच मुद्दे काढता येत नाहीत. मला एक लग्न आठवतं, तेच सांगते. त्यातून ज्याला जे घ्यायचं ते त्याने घ्यावं, पोट भरून घ्यावं.

आधी माझी ओळख. मी अर्जुनी मोरगावकडची. ऐन उमेदीची वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलं. आधी नायिका होते. मग नायिकेची मोठी बहीण झाले, मग आई, मग खाष्ट सासू. पुढे पुढे तर भिंतीवर हार घातलेल्या फोटोत जाऊन बसायचं तेवढं बाकी राहिलं होतं. त्याच सुमारास गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी गोंदियाला फुलचूरमध्ये घर घेऊन लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायला लागले.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांसाठी जास्त. मंडई आली की नाटक आलंच. कंपनी आज या गावात, उद्या त्या गावात, असं होळीपर्यंत चालतं. रोज वेगळं गाव आणि कित्येकदा वेगळं नाटक. महिना महिना तालमी करायला कोणाला वेळ आहे? म्हणून आमच्याकडे सगळा भार प्रॉम्प्टरवर. तो रंगमंचाला चिकटून, लोकांना दिसणार नाही असा बसतो आणि प्रत्येकाचं वाक्य हळू आवाजात पुढे करतो. नटाने एक वाक्य बोलता बोलता दुसरं कानाने उचलायचं असतं. बाहेरच्यांना वाटतं, म्हणजे पाठांतरच नाही, ही कसली कला. एकदा करून पाहा म्हणावं. तोंडाने रडायचं आणि कानाने ऐकायचं, हे आमच्या मुलखाबाहेर फक्त सुनांनाच जमतं.

होळीला आमचा पडदा पडतो आणि लग्नाची मोठी सराई सुरू होते. म्हणजे मला माणसं लागायची नेमकी तेव्हा माझे जुने सोबती मोकळे असायचे. पण हे माझ्या लक्षात यायला एक पूर्ण सराई वाया गेली. पहिल्या वर्षी मी गावातली पोट्टी गोळा केली होती वाढायला. एका लग्नात वरात दारात आली, बँड वाजायला लागला, आणि माझे सगळे वाढपी बादल्या ठेवून नाचायला गेले. पंगत बसलेली आणि मी एकटी. गोंदियाचे एक सेठजी हात जोडून म्हणाले, "बहनजी, खाना तो अच्छा है, लेकिन लाएगा कौन?" पुढच्या वर्षी मी शामरावजींकडे गेले.

शामरावजी आमचे प्रॉम्प्टर. अंगाने काडीपैलवान, आवाज असा की कुजबुजले तरी शेवटच्या विंगेत ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेत जाणार नाही. त्यांनी आपल्याबरोबर माणिक आणि झिबल यांना आणलं, आणखीही काही जण आले. माणिक राजाची कामं करायचा. राजाचं नाटक नसेल तर जमीनदार, तेही नसेल तर पोलिस पाटील, पण चालायचा राजासारखाच. झिबल गमत्या, म्हणजे विनोदी नट. तोंड उघडायच्या आधीच लोक हसायचे. दोघं एकमेकांचे मेव्हणे आणि दोघांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये, एकच धुरा, सामाईक बांध. त्या धुऱ्यावरून त्यांचं इतकं बिनसलेलं की वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पण रंगमंचावर हेच दोघं सख्खे भाऊ व्हायचे, गळ्यात पडून रडायचे, आणि लोकही रडायचे. पडदा पडला की एक डावीकडून जायचा, दुसरा उजवीकडून.

मी विचारलं, हे कसं काय निभावता? माणिक म्हणाला, तोंडाला रंग लागला की भांडण बंद, हा कंपनीचा नियम. भांडण रंगाखाली राहतं, कुठं जात नाही. रंग पुसला की सापडतं. मी तो नियम तसाच उचलला. आमच्याकडे रंगाच्या जागी एप्रन. एकदा एप्रन बांधला की कोणाचा धुरा, कोणाची उधारी, कोणाची सासू, काही नाही. एप्रन सोडला की मागच्या अंगणात सुखेनैव भांडा. माझ्याकडच्या एका पोळ्या लाटणाऱ्या बाईने तर घरीसुद्धा एप्रन न्यायला सुरुवात केली. नवरा दारात दिसला की बांधते.

शामरावजींना मी मांडवात भटारखान्याच्या तोंडाशी, पडद्याआड खुर्ची दिली. ते तिथून सगळी पंगत चालवायचे. "मीठ जाऊ द्या. मीठ अर्ध्यात आला. लिंबू तयार राहा. लिंबू जा." त्यांचा एकच कायदा होता. पुढच्याचा प्रवेश संपल्याशिवाय मागच्याची एंट्री नाही. मग मागचा कितीही मोठा नट असो. एकदा नाटकात माणिकच्या मरणाचा प्रवेश इतका रंगला की लोकांनी वन्समोअर दिला. माणिक उठला, पुन्हा पहिल्यापासून मेला. लोकांनी पुन्हा वन्समोअर दिला. त्याला पकडायला येणारा इन्स्पेक्टर हातकड्या घेऊन विंगेत उभा, आणि शामरावजी त्याला सोडेनात. इन्स्पेक्टर कुरकुरला, अहो, किती वेळ मरतो हा? शामरावजी म्हणाले, त्याचा जीव आहे, त्याला पाहिजे तेव्हा जाईल, तुम्ही त्याच्या वाक्यावर पाय देऊ नका.

हा कायदा माझ्या पंगतीला फार मानवला. लग्नात पाहा, भाजीवाल्याच्या मागे पुरीवाला, त्याच्या मागे वरणवाला पळत असतो आणि वरण पुरीवर पडतं. आमच्याकडे असं होत नाही. आमच्याकडे प्रत्येक पदार्थ आपल्या पायांनी येतो, वाढला जातो आणि मानाने परत जातो. गिऱ्हाइकं आम्हाला सांगायची, बाई, तुमचं मीठसुद्धा रुबाबात येतं. पण हाच कायदा एक दिवस माझा जीव घेणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकांविषयी थोडं लिहायला हवं, नाहीतर केटरिंगवाल्यांचा अपमान होईल. एक गृहस्थ चव पाहायला म्हणून आले ते सगळं घर घेऊन आले, जेवले, ढेकर दिला आणि म्हणाले, लग्न अजून ठरलेलं नाही, पण ठरलं तर तुम्हालाच देऊ. एका नवरदेवाला बुफे हवा होता आणि त्याच्या आजोबांना पंगत. शेवटी आजोबा खाली बसले आणि बुफेच्या टेबलावरचं सगळं आम्ही त्यांच्याभोवती फिरवलं. असल्या लोकांवर रागावायचं नसतं. तिकीट काढलेला माणूस खुर्चीत कसाही बसू शकतो.

आता दवनीवाड्याचं लग्न. हिरामणभाऊ हा तिथला शेतकरी, धानाची चांगली शेती, स्वभाव मऊ. एकुलती एक मुलगी, नाव दुर्गा. लग्न मे महिन्यात, दुपारचं. वऱ्हाड केशोरीकडून येणार होतं. हिरामणभाऊ जेवण ठरवायला आला तेव्हा सगळं बोलून झाल्यावर खाली बघून म्हणाला, एक गोष्ट सांगायची राहिली. नवरदेवाचा मामा.

हे मामाजी आपल्या भागात प्रसिद्ध होते. वरणात डाळ शोधावी लागली म्हणून एका टिळ्याच्या पंगतीतून ते उठले होते, आणि त्यांच्या मागोमाग सगळी पंगत उठली होती. त्या घराशी पुढे दोन पिढ्यांचं जाणंयेणं तुटलं म्हणतात. मामा उठला की वऱ्हाड उठलं, हे त्या घरातलं ठरलेलं. आणि उठण्याची त्यांची एक खूण होती. ते आधी उजवा गुडघा उभा करत, मग धोतराचा सोगा आवरत, मग उठत. हिरामणभाऊने मला हे इतकं बारकाईने सांगितलं की रात्री त्याला तो गुडघा स्वप्नात दिसत असावा.

तांदूळ घरचा असणार होता. आमच्या भागात मुलीच्या लग्नात घरचा तांदूळ नसेल तर लोक बापाकडे दयेने बघतात. मी त्याला एवढंच बजावलं होतं की तांदूळ जुना द्या. नव्या तांदळात पाण्याचा अंदाज वेगळा. जुन्याचं पाणी नव्याला घातलं की भात होत नाही, खळ होते, पोस्टर चिकटवायला चांगली. हिरामणभाऊ मान हलवून गेला.

लग्नाच्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. अक्षता पडल्या, वऱ्हाड पाय धुऊन पंगतीला बसलं. पहिल्या जागी मामाजी. पत्रावळी पडल्या, पाणी शिंपडलं. आमच्या या भागात ताटात भात-वरण पडल्याशिवाय वडीलधारा माणूस पहिला घास उचलत नाही, आणि त्याने उचलल्याशिवाय कोणीच नाही. मी भाताच्या गंजावरचं झाकण उचललं. आत भात नव्हता. पांढरा गिचका होता. त्यात झारा उभा राहिला, पडेना.

हिरामणभाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्याकडे पाहिलं आणि कळलं. सकाळी त्याने पोतं बदललं होतं. आचाऱ्याला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "बाई, हा तांदूर दुर्गीनं रोवला जी. या उन्हाळी हंगामाचा, आताच निघाला. माह्या बांधीतली तिची आखरी रोवणी. मले वाटला, तिच्या सासरच्याईनं तिच्या हातचा खावा."

मी रागावणार होते. नाही रागावता आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझ्याही. तो म्हणाला, शेजारच्या घरून जुना तांदूळ आणतो, धावत जातो. मी त्याचा हात धरला. "भाऊ, तांदूर हाच शिजवू. मले फकस्त वेळ पायजे." वरणाच्या शेजारी आधणाचं पाणी उकळत होतं, तेवढं नशीब. एका मोठ्या गंजाऐवजी सगळ्या चुलींवर छोटी भांडी चढवायला सांगितली, पाणी भरपूर घालून पेज काढून टाकायची ठरवली, आणि पडद्यापाशी जाऊन शामरावजींच्या कानात सांगितलं.

दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, आता कसं होणार? शामरावजींनी विचारलं, "हातात काय हाय?" मी म्हटलं, गरम वाढलं तर थंड होईल. म्हणजे फक्त मीठ, लिंबू, लोणचं, पाणी. त्यांनी ते चार पदार्थ बोटांवर मोजले. मग पडद्याच्या फटीतून माणिककडे पाहून एकच शब्द म्हणाले, "ताण."

हा आमच्या धंद्यातला शब्द. पुढचा नट आला नाही, त्याची दाढी सापडत नाही, तो जनरेटरपाशी तेल ओतून राहिला, काहीही असो, रंगमंच रिकामा ठेवायचा नाही. जो उभा आहे त्याने प्रवेश ताणायचा. आणि ताणतो आहे हे दिसू द्यायचं नाही. नवीन नट घाई करतो, जुना नट सावकाश होतो.

माणिक मीठ घेऊन निघाला. मी मीठ वाढताना पुष्कळ पाहिलं आहे, तसं मीठ पुन्हा पाहिलं नाही. वाटी दोन्ही हातांत, छातीपाशी. चाल दरबारात प्रवेश करतानाची. मामाजींच्या पानावर मीठ ठेवून तो शेजारच्या पानापाशी थांबला, वाकला, चिमूटभर मीठ ठेवलं आणि विचारलं, गाव कोणतं जी? समोरच्याने गाव सांगितलं. माणिक म्हणाला, तुमच्या मंडईत आमचं नाटक झालं होतं, त्या वर्षी वाऱ्याने पडदा उडून पिंपळावर अडकला होता. समोरचा म्हणाला, हो, मीच चढलो होतो काढायला. झालं. एकेका पानापाशी एकेक गाव, एकेक मंडई. या माणसाने आयुष्यभर रोज वेगळ्या गावात काम केलं होतं, त्याला कुठलं गाव माहीत नाही? पंगतीच्या मध्यावर कोणीतरी ओरडलं, अरे, हा तर तो राजा. मग सगळ्यांनी माना वळवल्या.

मागून झिबल लिंबू घेऊन गेला. त्याने प्रत्येकाला अर्धी फोड वाढली. शेवटाला पोचला, काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि पहिल्यापासून परत येऊन प्रत्येकाला विचारत गेला, आंबट निघालं का? नसेल तर बदलून देतो. लोक हसायला लागले. मी पडद्याआड चुलीवरच्या भांड्यांकडे पाहत होते आणि शामरावजी फटीतून मामाजींच्या गुडघ्याकडे पाहत होते.

गुडघा हलला. उजवाच. मामाजी म्हणाले, आणि सगळ्या मांडवाने ऐकलं, "काऊन गा, भात मागं रोवून राहिले का?"

हिरामणभाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याने डोळे मिटले. माणिक लोणच्याचं भांडं घेऊन मामाजींसमोर पोचला तेव्हा गुडघा पूर्ण उभा झालेला. माणिक खाली बसला, म्हणजे राजाने मामाजींपुढे मांडी घातली, आणि म्हणाला, मामाजी, तुमच्या केशोरीच्या मंडईत तुम्ही पहिल्या रांगेत घरून खाट आणून बसला होता, आठवतं का? आता हे त्याला खरंच आठवत होतं की देवाला माहीत. पण पहिल्या रांगेत खाट आणून बसणारा एक तरी म्हातारा प्रत्येक गावात असतोच. मामाजींचा गुडघा खाली आला.

असं आणखी तीनदा झालं. गुडघा वर, माणिक हजर, गुडघा खाली. एकदा पाणी घेऊन गेला, एकदा पंखा. शेवटी हातात काहीच उरलं नव्हतं तर पत्रावळ तिरकी आहे म्हणून सरळ करायला गेला.

आणि मग भात झाला. मोकळा, पांढराशुभ्र, नव्या धानाचा वास सुटलेला. परात भरली, झिबलने खांद्यावर घेतली, पडद्यापाशी आला. मी म्हटलं, सोडा त्याला. शामरावजींनी हात आडवा केला.

माणिक मामाजींसमोर होता, पाठ आमच्याकडे. त्याला भात आल्याचं कळलं नव्हतं. तो खाटेच्या गोष्टीत रंगात आला होता आणि त्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं. मामाजींचा गुडघा पुन्हा उभा, या वेळी हात धोतराच्या सोग्याकडे. मी शामरावजींना म्हटलं, अहो, भात आला ना. ते म्हणाले, "वाक्य होऊ द्या." मी म्हटलं, माझा धंदा बुडतो आहे. ते म्हणाले, वाक्यावर पाय देऊ नका. एवढी वर्षं मी याच नियमाचं कौतुक करत आले होते. त्या क्षणी मला शामरावजींचा गळा धरावासा वाटला. गरम परात झिबलच्या खांद्याला चटके देत होती. पलीकडे त्याचा जन्माचा वैरी रंगात येऊन बोलत होता. झिबल हलला नाही.  त्याचा एप्रन बांधलेला होता.

शामरावजींनी मान पुढे केली आणि पडद्याच्या फटीतून, ओठ न हलवता, माणिकच्या पाठीकडे वाक्य सोडलं, "आता अन्न येऊन राहिला." माणिकच्या मानेवरची शीर हलली, मला दिसली. बोलता बोलताच तो उठला, दोन पावलं मागे झाला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामाजी, मीठ माह्या हातचा झाला. आता अन्न येऊन राहिला. त्याले वाट द्या."

आणि बाजूला झाला. झिबलला त्याने स्वतःच्या हाताने वाट करून दिली. झिबल आला, परात उतरवली, आणि पहिली मूद मामाजींच्या पत्रावळीवर ठेवताना, कोणी सांगितलं नव्हतं, शामरावजींनीही नव्हतं, तो म्हणाला, "सूनबाईनं रोवलेला धान हाय, मामाजी. बापाच्या घरची आखरी रोवणी."

पंगतीने मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी भाताकडे पाहिलं, वास घेतला, गुडघा खाली केला. वरण आलं. त्यांनी पहिला घास घेतला. मग पंगतीने घेतला. मग त्यांनी झिबलला परत बोलावून भात मागितला, आणि मग पुन्हा. हिरामणभाऊ खांबामागे तोंड लपवून रडत होता. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत. जेवणाऱ्यांचे हात खरकटे असतात. आमच्या या धंद्याचं एवढंच एक मला लागतं. रंगमंचावर साधी मेलेली आई केली तरी टाळी मिळायची, इथे लग्न वाचवलं तरी लोक बडीशेप मागतात.

पंगत उठल्यावर मागच्या अंगणात एप्रन सुटले. मला वाटलं होतं, आता माणिक आणि झिबल गळ्यात पडतील. माणिकने झिबलच्या खांद्याकडे पाहिलं, चटका बसलेला होता, आणि खोबरेल तेलाची बाटली त्याच्यापुढे ठेवली. मग दोघं धुऱ्यावरून भांडायला लागले. पण बोलून भांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे कौतुकाने ऐकत बसलो.

पुढे पावसाळा संपता संपता एक दिवस फुलचूरला माझ्या दारात मोटारसायकल थांबली. मागे बसलेले मामाजी उतरले. मी घाबरून पदर सावरला. वाटलं, इतक्या महिन्यांनी तक्रार घेऊन आले. ते खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, नातीचं लग्न ठरलं आहे, जेवण तुम्हीच करायचं. मग जरा वेळाने, इकडे तिकडे पाहून, हळूच म्हणाले, "बाई, तुमचा पहिला भात बिघडला, हे मले बसल्याबसल्याच समजलता. नव्या तांदराच्या गिचक्याचा वास का लपते?"

मी म्हटलं, मग उठला का नाही?

"उठतच होतो. गुडघा उचलला तं तुमचा राजा धावत आला. मंग खाली केला. मले वाटला, पाहू, पुन्हा येते का. पुन्हा उचलला. पुन्हा आला." म्हातारा तोंडाला पंचा लावून हसायला लागला. "लग्नात मामाले फोटोपुरता इचारते जी लोकं. त्या दिवसी राजा माह्यापुढं मांडी घालून बसला. मी कायले उठू?"

म्हणजे आम्ही पडद्याआड जीव मुठीत धरून त्यांना बसवून ठेवत होतो, आणि ते पंगतीत बसून आम्हाला नाचवत होते. संपादकांना हवा होता तो मुद्दा हाच असावा. आपण चूक झाकतो ती गिऱ्हाइकाला दिसतेच. तो बघत असतो की झाकताना तुम्ही त्याच्याकडे पाठ करता की त्याच्यासमोर मांडी घालता. उद्योजकांनी हे लिहून घ्यावं. मला तरी याहून मोठं काही माहीत नाही.

नातीचं लग्न केशोरीला झालं. तांदूळ जुना, मी स्वतः पोतं उघडून पाहिलं. भात वेळेवर झाला, फुलासारखा मोकळा. झिबल परात खांद्यावर घेऊन पडद्यापाशी आला. पंगत बसली होती, मीठ वाढून झालं होतं. मी म्हटलं, शामरावजी, सोडा आता. त्यांनी हात आडवा केला आणि फटीतून पाहायला सांगितलं.

पहिल्या पानावर मामाजी बसले होते. उजवा गुडघा उभा, आणि डोळे माणिककडे.

"आजून त्याइचा प्रवेश बाकी हाय," शामरावजी म्हणाले. मी झिबलला परात खाली ठेवायला सांगितली.